चौथं पातं

डोणगावात जाकीरच्या बेकरीतले पाव बाहेर निघाले, की त्याच गरम भट्टीत तुळशीराम लोहार आपली पाती ठेवायचा. गाव हसायचं. "तुळशीराम लोखंडाची नानकटाई भाजते," म्हणायचं. हसोत बापडे. स्टेनलेसचं पातं पिवळंधमक तापवून तेलात बुडवलं की कडक होतं खरं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग दोन तास पावाच्या भट्टीची ऊब खाल्ली, की धार राहते आणि ठिसूळपणा जातो. तुळशीरामचा बाप सांगायचा, "तेलातून निघालेलं पातं अन् तापातून उठलेला माणूस, लगोलग कामाले लावू नये."

ते साल गुलाबी बोंडअळीचं. बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणता म्हणता बोंडं आतून पोखरली गेली. आता कपाशीची उभी पऱ्हाटी उपटा आणि तिचा भुगा करा, असं जो तो सांगत होता. हिंमतरावांनी ट्रॅक्टरवर चालणारं कुट्टीयंत्र आणलं आणि तुळशीरामला नवी पाती सांगितली.

"चुंबक चिकटते ह्याले. हे कायचं बे स्टेनलेस?" त्यांनी टोमणा मारला होता.

"जे चिकटते त्यालेच धार धरता येते, मालक. तुमच्या घरच्या ताटाले चुंबक चिकटत नाही, पण ताटानं पऱ्हाटी कापता का?"

यंत्राची चार पाती कामाच्या आदल्या संध्याकाळी भट्टीत गेली. पाचवं, जास्तीचं, त्याने सकाळी तेलातून काढून भिंतीला टेकवलं. तेवढ्यात हिंमतराव यंत्र घेऊन दारात हजर, घाई करायला. बेकरीतून आणलेल्या डब्यात तीनच पाती निघाली. घाईत त्याला पाचव्याचा विसर पडला; भिंतीशी दिसतंय ते चौथंच, आपणच काढून ठेवलं असेल, असं समजून तुळशीरामने तेही यंत्रावर कसलं. कडकपणा पाहायला फिरवलेली कानस सगळ्यांवरून सारखीच घसरत होती, आणि दिसायला चारही सारखी.

त्याची बायको तानाबाई त्याच यंत्रावर रोजाने निघाली. तिच्या चपलेचा पट्टा आठ दिवसांपासून सुटला होता.

"लोहाराची बायको अन् चपलेले खिळा नाही," ती जाता जाता म्हणाली.

"उद्या ठोकतो," तो म्हणाला. रोज म्हणायचा तसंच.

दुपारी जाकीर कागदात गुंडाळून काहीतरी घेऊन आला. "तुळशीभाऊ, तुमचं एक पातं भट्टीच्या कोपऱ्यातच राह्यलं होतं."

तुळशीरामने पातं हातात घेतलं आणि रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. मग यंत्रावर बसलंय ते कोणतं? भट्टी न पाहिलेलं. आणि यंत्राच्या तोंडासमोर कोण उभी आहे? ताना.

त्याने हिंमतरावांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. यंत्राच्या घरघरीत कोणाला ऐकू येणार? त्याने सायकल काढली. नाल्यापाशी पोचल्यावर यंत्राचा आवाज कानी आला, तेव्हा त्याला थोडा धीर आला. चालू आहे, म्हणजे अजून काही झालं नाही. तो जीव खाऊन पायडल मारू लागला.

आणि आवाज बंद पडला.

आता तो भ्यायला. असा भ्यायला की देवाचं नावही धड तोंडात येईना. सायकल शेताच्या धुऱ्यावर टाकून तो ढेकळांतून धावत सुटला. माणसं बाभळीखाली पाणी पीत होती. त्यांत ताना होती. धडधाकट.

"खडा गेला वाट्टे आत," हिंमतराव म्हणाले. "धाडकन आवाज झाला, म्हणून बंद केलं. तू काऊन धापा टाकून राह्यला बे?"

तुळशीरामने यंत्राचं झाकण उघडलं. तीन पाती शाबूत, चौथं अर्धंच. तुटलेली कड साखरेसारखी रवाळ दिसत होती. उरलेला तुकडा आत कुठेच नव्हता.

त्याने यंत्राच्या तोंडातून सरळ रेषेत नजर टाकली. समोर तीच बाभूळ होती. खोडात तो तुकडा बोटभर रुतून बसला होता.

"ताना, इकडं ये. ह्या झाडाले पाठ लावून उभी राह्य."

"काऊन?"

"राह्य म्हणतो ना!"

ती उभी राहिली. तुकडा तिच्या कपाळाआड बरोबर झाकला गेला. कुंकवाच्या रेषेत.

ती वळली, खोडाकडे पाहत राहिली. "आवाज झाला तवा मी वाकली होती," ती हळूच म्हणाली. "चप्पल निसटली होती."



"खडाच होता ना बे?" हिंमतरावांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण त्याने तानाच्या पायांकडे पाहिलं. चपलेचा पट्टा अजून तसाच सुटलेला होता.

"नाही मालक. माह्या हातचं पातं होतं. कच्चं."