डोक्यातला ठेका

दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत औषध फवारता फवारता बहिरू धाडकन ट्रॅक्टरवरून खाली आला. हातपाय ताठ झाले आणि गावाने जागच्या जागी निदान करून टाकलं की, फिट आली. त्या दिवशी एकादशी होती, पोटात चहाशिवाय काही नव्हतं, हे कुणी विचारलंच नाही. मालक भला माणूस. म्हणाला, "नाशिकच्या डॉक्टरचा कागद आण, मग किल्ली घे." ट्रॅक्टर सुटला तर घर कशावर चालायचं, या धास्तीने बहिरूच्या बायकोला, पुतळाबाईला, घास गिळवेना.

"मेंदूचा आलेख काढू," नाशिकच्या डॉक्टर मोहिनीबाई म्हणाल्या. "डोक्याला तेल नको. आणि आदल्या रात्री जागं राहायचं, म्हणजे तपासणीत झोप लागेल."

आता गावात माणसाला जागं ठेवायचं म्हणजे भजनाशिवाय उपाय कुठला? मंडळ जमलं. बहिरू मंडळाचा टाळकरी. पहाटेपर्यंत त्याने टाळ खाली ठेवले नाहीत.

सकाळी त्याच्या डोक्याला वायरी चिकटवल्या. ही कॉम्प्युटरची तपासणी तेव्हा नाशिकला नवीनच आली होती. पडद्यावर रेघा पळू लागल्या. जिथे शंका येईल तिथे कॉम्प्युटर आपणहून लाल खूण करायचा. एक लाल, दुसरी लाल, पुन्हा लाल. पुतळाबाईला वाचता येत नसे, पण लाल रंग कुणाला कळत नाही?

डॉक्टरांचाही चेहरा उतरला. मग त्यांच्या लक्षात आलं, खुणा अगदी सारख्या अंतराने पडताहेत. त्यांनी वळून बहिरूकडे पाहिलं. डोळे मिटलेले, आणि जबडा आवळतोय, सुटतोय.

"हे काय चाललंय यांचं?"

पुतळाबाईने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "टाळ वाजवत्यात, मॅडम! रातचं भजन उतरलं नाय अजून. ठेका धरला की दात असेच आवळत्यात."

डॉक्टर खळखळून हसल्या. कॉम्प्युटर हुशार खरा, पण बिचारा भजनाला कधी बसलेला नव्हता. जबड्याची ओढ तो मेंदूच्या नावावर टाकत होता. त्यांनी बहिरूला तोंड सैल सोडायला लावलं. बघता बघता तो घोरू लागला, रेघा संथ झाल्या, आणि लाल खूण पुन्हा उमटली नाही.

"बाकीच्या तपासण्याही चांगल्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "उपाशीपोटी उन्हात चक्कर आली, बस. ट्रॅक्टर चालवू दे. पण फवारणीच्या दिवशी उपास नाही!"

पुतळाबाईला रडावं की हसावं कळेना, इतकं बरं वाटलं. उठल्या उठल्या बहिरूने घाबरून विचारलं, "मशीन काय म्हणलं?"

"म्हणलं, तुमच्या डोक्यात भजन हाय, बाकी काय बी नाय," ती म्हणाली. "चला, किल्ली घ्यायचीय."