होम, प्रो आणि माझे जुने शर्ट

आमच्या घरात प्रत्येक नवी नक्षी आधी माझ्या जुन्या शर्टावर उमटते. बायको गणवेशांवर नावं आणि हुद्दे भरून देते. संगणकावर अक्षरं मांडायची, की ती वायरीतून भरतकामाच्या मशीनला पोचतात आणि सुई खडखडत कामाला लागते. पण चाचणी घेतल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावत नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर मी घरातल्या घरात मुख्य परिचारिका झालो, अग्निशामक झालो, एकदा तर पोहण्याचा प्रशिक्षकही झालो. मला पाण्याची भीती वाटते, पण शर्टाला कोण विचारतो!

गेल्या महिन्यात संगणकाने पडद्यावर नोटीस लावली: ही प्रणाली जुनी झाली, आता नवी घ्या. मी खूश. कचेरीत संगणक अडला की सगळे मलाच हाक मारत. निदान मला तरी तसंच आठवतं.

"नवी घातली आणि माझा नक्षीचा प्रोग्रॅम चाललाच नाही तर?" बायकोने विचारलं. "सव्वीस वर्षांच्या नक्ष्या आहेत त्यात. आणि दवाखान्याचे साठ कोट यायचेत."

"अगं, मी आहे ना!"

"तीच तर काळजी आहे."

दोघं दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "दोन प्रकार आहेत, होम आणि प्रो. प्रो शक्यतो मोठ्या कचेऱ्या घेतात. ताई काय करतात?"

"काही नाही, घरीच असते," मी म्हणालो. "होम पुरेल."

ती शेजारीच उभी होती. ती तशीच वळून दुकानाबाहेर पडली, आणि आम्ही काही न घेता घरी आलो. लेकीचं शिक्षण, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं त्या सुईने निभावलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. तरी जिभेला हाड नाही म्हणतात तसं झालं. मला स्वतःची लाज वाटली.

"उद्या प्रोच आणू," मी पडतं घेतलं. "सगळ्यात भारी."

"मला भारी नको, मापाचं हवं," ती म्हणाली. "आणि आधी कच्ची शिवण घालून बघायची."

मग लेकीने टाकून दिलेला लॅपटॉप माळ्यावरून खाली आला. त्यावर मी चाचणीपुरती होम चढवली. तीनदा "झालंच" म्हणालो आणि तिन्ही वेळा झालं नव्हतं. शेवटी नक्षीचा प्रोग्रॅम उघडला, पण मशीन ढिम्म. मी हिला प्रणालीतले दोष समजावून सांगायला लागलो. तेवढ्यात तिने वाकून मशीनची वायर बघितली, एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचली आणि सुई खडखडायला लागली.

"होमच घेऊ," टाके निरखत ती म्हणाली. "माझं काम यात सगळं होतंय."

म्हणजे मी म्हटलेलंच खरं झालं होतं. पण ते बोलून दाखवायचं नाही, इतकी अक्कल मला एव्हाना आली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. दुकानदाराने वही उघडली. "कोणाच्या नावावर करू?"

"हिच्या. हिचा भरतकामाचा व्यवसाय आहे. सव्वीस वर्षं झाली."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी घरीच असतो," मी म्हणालो.

ही इतकी हसली की दुकानदाराला वाटलं, त्याचंच काहीतरी चुकलं.

नवी प्रणाली पहिल्या झटक्यात चालली. बायकोने आत जाऊन शर्ट आणला आणि मशीनवर ताणून बसवला. तो माझा कोरा करकरीत शर्ट होता.

"अगं, तो नवा आहे!"

"ही चाचणी नाही," ती म्हणाली.

सुई थांबली तेव्हा खिशावर निळ्या धाग्यात शब्द होता: मदतनीस. दवाखान्याचे साठ कोट मी तोच शर्ट घालून पोचवले.