पाठ केलेला तक्ता

मोहरीच्या दाण्याहून लहान एक स्क्रू चिमट्याच्या टोकावर थरथरतो आहे, एवढं डोळ्यांपुढे आण बरं, ऐकणाऱ्या मुली. जोरात श्वास सोडलास तर उडून जाईल. तो पडता कामा नये.

चिमटा सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात. सुटीच्या दिवशी ती बाबांच्या चष्म्याच्या दुकानात काड्या बसवते. सातवीपासून बसवते, आणि आजवर एकही स्क्रू तिने हरवलेला नाही. पण पालथा घातलेला फोन टेबलावर पुन्हा गुरगुरला — तिसऱ्यांदा. त्याचाच. वर्गातला तो. कुठे आहेस, सोबत कोण, फोटो पाठव. दर अर्ध्या तासाला फोटो. सुरुवातीला किती गोड वाटलं होतं, आपली कुणाला एवढी काळजी... मग एकदा फोटो उशिरा गेला, आणि परवा जिन्याखाली त्याने मनगट धरलं, धरूनच ठेवलं, हसत हसत. नंतर रडलाही तोच. म्हणून आज लांब बाह्या.

"बाह्या वर घे गं, अडकतील कुठेतरी," बाबा गिऱ्हाइकाकडे बघतच म्हणाले.

"असू दे. गार वाटतंय."

गार! पंखासुद्धा बंद आहे. कळलं असेल का त्यांना? कळलं तर फोन जाईल, बाहेर जाणं बंद, बाबा तडक त्याच्या घरी, वर्गभर बोभाटा — आणि तो म्हणालाय, घरी सांगितलंस तर बघ. बघ म्हणजे काय? तेच कळत नाही.

"आता बरं दिसतं, की मघाशी बरं होतं?" बाबांनी भिंग बदललं.

"मघाशीच बरं होतं हो," खुर्चीतले म्हातारे ड्रायव्हरकाका वैतागले, "मघाशी तुम्ही विचारत नव्हता!"

बाबा हसले. तिला हसता आलं नाही. याच खुर्चीत ती सात वर्षांची असताना बसली होती. चष्मा लागू नये म्हणून समोरचा अक्षरांचा तक्ता आदल्या दिवशीच पाठ करून आली होती, आणि घडाघडा म्हणूनही दाखवला, पार शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. तिला काय ठाऊक, सकाळी बाबांनी तक्ता बदलला होता! ते रागावले नाहीत. शेजारच्या स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "पाठ केलेलं नको, बाळा. दिसतं तेवढंच सांग."

तेव्हापासून जेवताना रोजचा प्रश्न ठरलेला: आज काय दिसलं? आणि गेले दोन महिने उत्तरही ठरलेलं — मजेत, अभ्यास झाला, मैत्रिणी भेटल्या. घडाघडा. म्हणजे मी... पुन्हा तक्ताच म्हणतेय की काय मी?

फोन गुरगुरला. स्क्रू उडाला.

ती गुडघ्यांवर टेबलाखाली. पाठोपाठ बाबाही आले, हातात लोहचुंबक. तिने हात लांबवला तशी बाही सरकली. मनगटावर चार बोटं, निळी.

बाबांचा चुंबक फरशीवर तसाच थांबला. वर फोन वाजतच होता. त्यांनी तो उचलला नाही. मनगटालाही हात लावला नाही.

"अहो, मला विसरलात का?" तपासणीची जड फ्रेम नाकावर सांभाळत काका ओरडले.

"दोन मिनिटं बसा काका. काही वाचू नका." मग अगदी हळू, कापऱ्या आवाजात, "आज काय दिसलं गं?"

मजेत... शब्द जिभेवर तयारच होता. भीती गेली नव्हती. पण बाबांनाही भीती वाटतेय हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं, आणि तरी ते कुठे धावले नव्हते, इथेच फरशीवर बसले होते, त्या दिवशी स्टुलावर बसले होते तसे.

तिने तळहाताने एक डोळा झाकला, आणि सर्वांत वरच्या, मोठ्या अक्षरापासून सुरुवात केली: "परवा, जिन्याखाली..."