न पोचलेला पाऊस

इरावतीचं अॅप नापास झालं. अहवाल गेला, संस्थेनं पोच दिली, फाइल बंद झाली.

असं काहीही झालेलं नाही. फेब्रुवारीतला मंगळवार आहे, सकाळचे सव्वाआठ वाजलेत, आणि श्रीयश लॅपटॉपची बॅग खांद्यावर टाकून लोणावळ्यात गंगाधरकाका बापटांच्या घराकडची चढण चढतो आहे. त्याला अजून काहीच माहीत नाही. तो बरा आहे.

श्रीयश वराळे गावातल्या एका छोट्या कंपनीत कामाला होता. एखादं अॅप माहिती पाठवताना कुठल्या आवृत्तीचं एनक्रिप्शन, म्हणजे माहितीला लावायचं कुलूप, खरोखर वापरतं, ते शोधणं हे त्याचं काम. यात 'खरोखर' या शब्दाचाच पगार मिळतो. कागदावर सगळीच अॅप्स लग्नाच्या बायोडेटासारखी असतात: निर्व्यसनी, अद्ययावत. आवृत्त्या चार: १.०, १.१, १.२ आणि १.३. पहिल्या दोन इतक्या जुन्या झाल्यात की त्यांनी लावलेलं कुलूप म्हणजे दाराला बांधलेला दोरा.

लोकांच्या घरून रोजचा पाऊस गोळा करणारी पुण्यातली एक संस्था होती. घरगुती बनावटीची सगळी अॅप्स फेब्रुवारीअखेर तपासून घ्या, नापास होतील ती बंद, असं तिनं कळवलं होतं. यादीत शेवटी लिहिलं होतं: बापट, लोणावळा. अॅप बनवणारी: इरावती बापट. आवृत्ती: १.२.

काका दारातच उभे होते. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. शर्टाची वरची गुंडी लावलेली, हातात काचेचं मोजपात्र.

"वेळेवर आलास. साडेआठचं रीडिंग आहे."

दोघं परसात गेले. काकांनी पर्जन्यमापक उघडला, आत वाकून पाहिलं. फेब्रुवारीत लोणावळ्यात आत जे असतं तेच होतं. तरी त्यांनी मोजपात्र डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून, नसलेलं पाणी मोजलं.

"शून्य पूर्णांक शून्य," काका म्हणाले. "चल, पाठवू."

श्रीयशनं यापूर्वी बँकांची अॅप्स तपासली होती. शून्य मिलिमीटर पाऊस गुप्तपणे पाठवणारं अॅप तो पहिल्यांदाच तपासत होता.

खोलीत बारा-तेरा वर्षांपूर्वीचा संगणक होता. "आधी माझ्या लॅपटॉपकडे पाठवू," श्रीयश म्हणाला. "लॅपटॉप संस्थेचा सर्व्हर असल्याचं नाटक करेल. एका वेळी एकच आवृत्ती स्वीकारेल. अॅप कुठल्या दारानं आत येतं ते बघायचं."

पहिल्यांदा फक्त १.३ उघडी ठेवली. काकांनी 0.0 टाकून बटण दाबलं. स्पीकर खरखरला आणि एका मुलीचा आवाज आला, थोडा हसत, थोडा दटावत:

"पोचलं, बाबा. आता बिनसाखरेचा चहा."

श्रीयश दचकला. काका नाही.

"इरा," ते म्हणाले. "सप्टेंबरात दोन वर्षं झाली तिला जाऊन. डेंग्यू. सहा दिवस."

एवढ्यात घरकाम करणाऱ्या मुक्तामावशी चहाचा कप घेऊन आल्या.

"एवढ्या लवकर?" श्रीयशनं विचारलं.

"ती म्हनली की द्याचा, असं ठरलंय," मावशी म्हणाल्या. "न्हाईतर ह्ये भाऊ दुपारपत्तुर उपाशी. माजं ऐकत्यात व्हय? तिचं तेवढं ऐकत्यात."

मग श्रीयशनं फक्त १.२ ठेवली. "पोचलं, बाबा. आता बिनसाखरेचा चहा." दुसरा कप आला. तपासणीचा पहिला नियम असा की अॅप काय बोलतं ते ऐकायचं नाही, लॅपटॉपवर काय आलं ते बघायचं. पण श्रीयश काकांच्या चेहऱ्याकडे बघत बसला होता.

"आज दोनदा बोलली," काका म्हणाले. "रोज एकदाच बोलते. दुसऱ्यांदा बटण दाबणं बरोबर नाही ना, रीडिंग एकच असतं. किती आवृत्त्या आहेत रे एकूण?"

"चार."

"चारच काढल्या?" काका खट्टू झाले.

इतक्या जुन्या संगणकावर १.३ चालणं म्हणजे बैलगाडीनं टोल भरून द्रुतगती मार्गावरून जाण्यासारखं होतं. श्रीयशला शंका आली. त्यानं लॅपटॉपवरचं सगळं बंद केलं. सर्व्हरच नाही.

"पोचलं, बाबा. आता बिनसाखरेचा चहा."

त्यानं भिंतीतली नेटची वायर उपटली.

"पोचलं, बाबा. आता बिनसाखरेचा चहा."

मुक्तामावशी चौथा कप घेऊन दारात उभ्या राहिल्या. "आरं, तिला गप कर की! दूध सपलं."

आता श्रीयशनं लॅपटॉपवरची नोंद उघडली. काहीच आलं नव्हतं. एकदाही नाही. वायर परत लावून फक्त १.१ उघडली, काही नाही. मग शेवटी १.० उघडली, आणि लॅपटॉपमध्ये पाऊस सुरू झाला.

एकामागून एक आकडे येत राहिले. जानेवारीतली शून्यं, मे महिन्यातला एक वळीव, मग जून, आणि जुलैतला तो दिवस, दोनशे बत्तीस मिलिमीटर. एकूण चारशे तेरा दिवस. गेल्या वर्षीच्या एक जानेवारीला संस्थेनं १.० बंद केली, त्या दिवसापासून एकही आकडा पुण्याला पोचला नव्हता. सगळे या संगणकात रांगेत उभे होते. संस्थेच्या तक्त्यात या केंद्रापुढे वर्षभर रेघ होती. लोणावळ्यात वर्षभर थेंब पडला नाही, याचं तिथं कुणाला नवल वाटलं नव्हतं.

मग त्यानं इरावतीचं कोड उघडलं. तिनं १.२ लिहिली होती, पण या संगणकाला ती पेलत नसल्यानं अॅप गपचूप १.० वर उतरत होतं. आणि आवाजाच्या ओळीवर तिनं स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती: 'नेट गेलं की बाबा पुन्हा येईपर्यंत तिथंच बसून राहतात, खात नाहीत. आधी पोचलं म्हणायचं. पाठवायचं नंतर.'

"काय निघालं?" काकांनी विचारलं.

श्रीयशनं थाप मारायला तोंड उघडलं. समोर चाळीस वर्षं सिग्नल सांभाळलेला माणूस होता. मग त्यानं खरं काय ते सांगितलं, आणि टीप वाचून दाखवली.

काकांनी थंड झालेले कप एका रांगेत लावले.

"पुढं गाडी उभी असताना हिरवा दाखवायचा," ते म्हणाले. "आमच्याकडे यात माणसं मरायची."

"तिनं तुमच्यासाठीच..."

"कळतंय रे मला. म्हणून तर. उद्यापासून मी आकडा टाकणार नाही. टाकला की ती खोटं बोलेल. तिला कशाला खोट्यात पाडायचं?"

"संस्थेचं नवीन अॅप आहे, फोनवर. तिथं आकडा पोचेल."

"आकडा पोचेल," काका म्हणाले.

श्रीयश परसात गेला आणि ऑफिसातल्या वरिष्ठ सारिका मॅडमना फोन लावला. "मॅडम, नवीन संगणकावर टाकून चार ओळी बदलल्या तर १.२ चालेल. आवाज तोच राहील, आणि ती म्हणते ते खरंही होईल."

"बदलून दे ना मग."

"देऊ?"

"थांब. संस्थेच्या नियमावलीत आहे," पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "घरगुती अॅपमध्ये बदल केल्यास मूळ विकसकाची सही आवश्यक. ती कुठं असते?"

"ती वारली, मॅडम."

"अरे देवा," मॅडम म्हणाल्या. "मी संस्थेला फोन करते." अर्ध्या तासानं परत फोन आला. "विचारलं मी. विकसक हयात नाही म्हटलं, तर ते म्हणाले, मग त्यांचा फोन नंबर द्या."

खोलीत काका संगणकासमोर बसले होते. बटणावर बोट नव्हतं. हात मांडीवर होते. मुक्तामावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. "भाऊ, उद्या च्या कवा द्याचा?" त्यांनी हळूच विचारलं.

श्रीयशनं तिथंच, त्यांच्या शेजारी बसून अहवाल भरला. प्रत्यक्ष वापरातील आवृत्ती: फक्त १.०. निकाल: अनुत्तीर्ण. सोबत चारशे तेरा दिवसांची पर्जन्यनोंद जोडली. मग 'शिफारस' हा रकाना आला, जो तो नेहमी मोकळा सोडायचा, आणि त्यात त्यानं लिहिलं:

'विनंती करण्यात येते की, सदर केंद्राकरिता आवृत्ती १.० दररोज सकाळी ८.३० ते ८.३१ या एका मिनिटापुरती सुरू करण्यात यावी, जेणेकरून केंद्रावर दिली जाणारी मौखिक पोच वस्तुस्थितीशी सुसंगत राहील. तसेच अॅपमधील बदलास मूळ विकसक कु. इरावती गंगाधर बापट यांची सही प्राप्त होईपर्यंत मुदतवाढ मिळावी. सही प्राप्त होताच विनाविलंब सादर करण्यात येईल.'