मस्कतला निघालेली कौले

जगातले सारे शहाणपण आपल्याच गावाच्या वाट्याला आले आहे, असे मानणारी माणसे प्रत्येक गावात असतात. रेवदंड्यात ती जरा जास्तच होती आणि शब्बीर त्यांचा म्होरक्या. मस्कतला त्याचे खजुराचे दुकान. त्या वर्षी दिवाळी सरली, दर्या निवला, तसा तो बायको रेहानाला आणि दोन्ही लेकींना तिकडे न्यायला आला. सामानात तांदूळ, सुकी मासळी होतीच. पण तुळशीराम तांडेलाच्या गलबतात त्याने कौलेही भरायला घेतली होती. जिथे वर्ष वर्ष पागोळी गळत नाही, तिथे हा गृहस्थ उतरत्या छपराचे कोकणी घर बांधणार होता. अरबांना घर कसे असते ते एकदा दाखवायला नको का?

ओटीवर मंडळी जमली होती. शब्बीर रंगात आला होता.

"दोन डोंगरांच्या मधी कोरडा ओढा हाय. सपाट जागा, मऊ रेती. पाया आखला, तर एक म्हातारा बदू आला, उंटामागं फिरणारा. म्हणतो, इथं नको, पूर येईल, वारा छप्पर नेईल. मी म्हटलं, बाबा, तू जन्मात छत्री तरी बघितलीस काय? आमच्याकडं आषाढात लाकडं पेटत न्हायत, एवढा पाऊस. मला पाऊस शिकवतोस?"

"त्याच्याकडं पाऊस म्हणजे उंट शिंकला असंल," तुळशीराम म्हणाला आणि ओटी हसून हसून लोळली. ही हकीकत आठवडाभर रोज सांगितली जात होती. तो म्हातारा आणखी काय म्हणाला, हे मात्र एकाही शहाण्याने विचारले नव्हते.

दाराआड शब्बीरची चाची जैबुन्निसा नमाज आटोपून तसबीहचे मणी ओढत बसली होती. माहेरचे रोहे सोडले, तर ती रेवदंड्याबाहेर कुठे गेलेली नव्हती. तिची बोटे थांबली.

"शब्बीर, तो बदू सोता कुठं राहतो?"

"वर, कातळावर. झोपडं हाय. गवताची काडी उगवत न्हाय तिथं."

"आणि खालची मऊ, सपाट जागा मोकळी?"

"मोकळीच. अक्कल लागते ना, चाची."

"म्हणजे त्याचे आजे-पणजे सगळे बेअक्कल. एवढी चांगली जागा तुझीच वाट बघत पडली होती म्हणायची. बरं, ओढ्यात धोंडे हायत?"

"हायत की, होडीएवढे. पोरींना खेळायला बरे. कसे गोल, गुळगुळीत!"

"गोल कुणी केले?"

ओटीवरचे हसू विझले.

"माझं माहेर कुंडलिका नदीच्या काठचं," चाची हळू आवाजात म्हणाली. "धोंडा गोल कोण करतो, ते मला कुणी सांगायला नको. होडीएवढा धोंडा लोळवत आणणारं पाणी तिथनं जातं. रोज जात नसंल. तू बघायला गेलास, त्या दिवशी गेलं नसंल."

"पण ढग भरून आले तर दिसतील की. उठून जाऊ."

"ते तुझ्या डोक्यावरच भरायला हवेत काय? रोह्याला लख्ख ऊन असताना घाटावरच्या पावसानं नदी चढलेली मी बघितलीय. आपली माती तरी थोडं पाणी पिते. तुझे ते डोंगर नुसते कातळ. वर पडलेलं सगळं पाणी एकदम तुझ्या उंबऱ्यात येणार. आणि वारा अडवायला तिथं एक तरी माड हाय? तुझी कौलं उडतील, ती तुझ्याच लेकींच्या डोक्यात."

रेहाना बाहेर आली. चारचौघांत ती कधी बोलत नसे.

"त्या म्हाताऱ्यानं आणखी काय सांगितलं?" तिने नवऱ्याला विचारले.

शब्बीर आठवू लागला. "हात दाखवत होता... डोंगराकडं. आभाळाकडं न्हाय." त्याचा आवाज उतरला. "पुढचं मी ऐकलंच न्हाय. हसत होतो."

"मग माझ्या लेकी त्या घरात झोपणार न्हायत. तुम्ही आणि तुमची कौलं खुशाल राहा."

एवढे बोलून ती आत गेली.

शब्बीर उठला आणि थेट बंदरावर गेला. त्याने कौले उतरवायला लावली.

"काय शेठ, वाळवंटात बुडायची भीती वाटली?" मागोमाग आलेला तुळशीराम ओरडला. मघाशी शब्बीरच्या गोष्टीला हसणारे आता शब्बीरला हसले. अशा लोकांना हसायला कुणीतरी लागते, एवढेच.

"व्हय, वाटली," शब्बीर म्हणाला. "मस्कतला उतरलो की आधी त्या म्हाताऱ्याच्या दारात जाणार हाय. त्याचं अर्धं बोलणं ऐकायचं राहिलंय."

बंधुभगिनींनो, आपल्या पावसाचा आपल्याला अभिमान असतो, असू द्यावा. पण परमेश्वराने पृथ्वीवर एकच पाऊस धाडलेला नाही. जो वर्षातून एकदा येतो, तो रोज येणाऱ्याहून जास्त घात करू शकतो. परक्या भूमीवर पाऊल टाकताना तिथल्या माणसाला अडाणी ठरवणे हा निव्वळ उद्दामपणा आहे, आणि अशा उद्दामपणाची किंमत बहुधा आपली बायकामुले मोजतात. तेव्हा हसायचेच असेल, तर आधी समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे. मग हसावेसे वाटते का, ते ज्याचे त्याने पाहावे.