अर्थिंगच्या खड्ड्याचा फोटो

मनोहररावांच्या प्लगच्या डबीत मला वायरचा जो तुकडा सापडला, तो साडेपाच सेंटिमीटर लांब होता. काळा, दोन्ही टोकं सोललेली. एक टोक न्यूट्रलच्या स्क्रूखाली दाबलेलं, दुसरं अर्थिंगच्या.

मी तिथे एका तक्रारीमुळे गेले होते. आमच्या 'अंगण' अ‍ॅपवरून नंदनवन भागात मनोहररावांकडे गाडी चार्ज करणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं, की गाडीला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. अ‍ॅपचं काम साधं आहे. ज्याच्या घरी इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर आहे, त्याने तो रिकाम्या वेळात दुसऱ्याला वापरू द्यायचा. नागपुरात अशी दोनशे बारा घरं आमच्याकडे होती. अ‍ॅपमध्ये काय विचारायचं, कोणत्या शब्दांत आणि किती वेळा, हे मी ठरवते. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे, हे काम मी नोकरीत शिकले.

"हे कोणी लावलं, काका?"

"गोलूनं. आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन. मे लागला अन् चार्जरवर लाल दिवा येऊन राहिला. गाडी चार्जच नाही होये. मंग गोलूले बोलावलं, त्यानं दहा मिनिटांत हिरवा करून देल्ला."

"अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं?"

मनोहरराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी भिंतीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. खड्ड्याच्या झाकणाभोवतीची काळी माती इतकी तडकली होती, की भेगेत माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

"गुडघे कुठं चालतात आता वं? आधी टाकत होतो ना. दर शनिवारी दोन बादल्या. तुमच्या अ‍ॅपले ओल्या खड्ड्याचा फोटो लागे, म्हणून टाकत होतो. मंग तुम्हीच तो फोटो बंद केला. मले वाटलं, आता गरज नसंन."

तो फोटो मी फेब्रुवारीत बंद केला होता. नोंदणीच्या फॉर्मची ती सहावी पायरी होती, आणि पुढेही दर आठवड्याला तोच फोटो द्यावा लागे. फॉर्म भरायला घेणाऱ्या शंभरातले एकसष्ट जण तिथे थांबायचे आणि परत यायचे नाहीत. कोणाला खड्डा कुठे आहे ते माहीत नसे, कोणाला वाकवत नसे. मनोहररावांनी स्वतःच मला ऐकवलं होतं, "दर आठवड्याले तेच ते विचारता, मी काय खोटं बोलून राहिलो?" मी ती पायरी काढली आणि त्या जागी चार्जरच्या हिरव्या दिव्याचा फोटो मागितला. तो उभ्या उभ्या निघतो. त्या महिन्यात घरं दुपटीने वाढली आणि ऋषीने, ज्याची ही कंपनी आहे, सगळ्या ऑफिसला तर्री-पोहे खाऊ घातले.

मी काकांना खुर्चीवर बसवून सांगितलं. चार्जर आधी अर्थिंग तपासतो. उन्हाळ्यात माती सुकली, आकसली, की जमिनीत पुरलेल्या पट्टीशी तिचा संपर्क सुटतो. म्हणून लाल दिवा लागतो. गोलूच्या तुकड्याने अर्थिंग दुरुस्त झालं नव्हतं. चार्जरला जमिनीऐवजी वीज परत नेणारी न्यूट्रलची तार दाखवली होती, एवढंच. जोवर खांबावरून येणारी न्यूट्रलची तार शाबूत आहे, तोवर निभतं. ती वाऱ्याने तुटली, तर घरातल्या फ्रिजमधून, कूलरमधून गेलेला करंट परतीची वाट शोधत त्या तुकड्यावरून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. मग अंगणात उभी असते ती एक उघडी तार.

"म्हणजे त्या बाईले मुंग्या आल्या त्या..."

"ती तार अजून तुटलेली नाही, काका. सांधा ढिला झाला असेल."

त्यांनी खुर्ची डबीपासून मागे सरकवली. मग म्हणाले, "काढ वं तो तुकडा आधी."

मेन स्विच पाडून तो मी काढला. अकरा वाजले होते. फोनवर हवामानाचा इशारा आला होता: संध्याकाळी वादळी वारा, तुरळक पाऊस.

ऑफिसात येऊन मी चार्जरांच्या नोंदी चाळल्या. मे महिन्यात ज्या घरांचा दिवा लाल झाला आणि अर्ध्या तासाच्या आत पुन्हा हिरवा, अशी घरं शोधली. खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून अर्थिंग नीट करायला एक दिवस तरी जातो. अर्ध्या तासात फक्त तुकडा बसतो.

अशी एकतीस घरं निघाली. मनोहररावांचं त्यात धरलेलं नव्हतं.

"एकतीस? एकदम एकतीस, यार?" ऋषीने लॅपटॉप माझ्याकडून ओढून घेतला.

"आजच, वाऱ्याच्या आधी बंद करायला हवेत."

"करू ना. नकाशावरून काढ. मेसेज टाक. पण जान का खतरा वगैरे लिहू नको. एकाने स्क्रीनशॉट फिरवला तर उद्या दोनशे लोक अ‍ॅप काढतील, आणि मग आपण कोणाला सांगायचं? शांतपणे लिही. तुला येतं ते."

मला येतं. मी लिहिलं: 'तांत्रिक तपासणीसाठी आपलं ठिकाण काही काळ नकाशावर दिसणार नाही. तसदीबद्दल क्षमस्व.' वाक्य दोनदा वाचलं. कोणी घाबरणार नव्हतं. खरं काय ते फोनवर सांगेन, असं मी स्वतःला बजावलं, एकतीस ठिकाणं नकाशावरून काढली आणि मेसेज पाठवला.

मग फोन लावायला बसले.

"आत्ता?" यादीतल्या पहिल्या भारतीताई म्हणाल्या. "माह्या जाऊबाईची गाडी लागली हाय. ऐंशी टक्के तर होऊ दे वं."

"नाही, ताई. आधी घरातला मेन स्विच पाडा, मग प्लग काढा. तोवर गाडीला हात लावू नका."

"बाप्पा! थांब..." चपलांचा आवाज, एक खटका, कूलर थांबल्याची शांतता. "पाडला. आता इथं बसून भाजायचं का आम्ही?"

"प्लग काढला की स्विच पुन्हा लावा. प्लगला मात्र कोणी हात लावायचा नाही."

एकाने मला वेड्यात काढलं. एकजण म्हणाला, त्याच्या तिन्ही भावांकडे असाच तुकडा आहे. पण शेवटी सगळे हो म्हणाले. प्रत्येक 'हो'पुढे मी वेळ लिहीत गेले. एकतिसावा नंबर लकडगंजच्या लाकूडपेठेमागे राहणाऱ्या धोंडबांचा होता. फोन त्यांच्या मुलाने, साहिलने उचलला, पुण्यातून. वडिलांचा फॉर्म त्यानेच भरला होता. फॉर्म मुलांनाही घरच्यांच्या वतीने भरता यावा, ही सोय माझीच.

"बाबांकडे साधा फोन आहे. मी सांगतो त्यांना."

"आत्ता सांगा. प्लग वापरायचाच नाही म्हणावं. जिवाला धोका आहे."

"हो, हो. मीटिंगमध्ये आहे. सांगतो नक्की."

दोन वाजून दहा मिनिटं, असं मी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पाच वाजता वारा सुटला, समोरच्या गॅरेजचं पत्र्याचं छप्पर वाजायला लागलं आणि वीज गेली. मी निवांत होते.

सकाळी साहिलचा फोन आला. तो रात्रीच्या विमानाने नागपुरात पोचला होता. "आमच्याकडे चंदन यायचा," तो म्हणाला. "काल संध्याकाळी गाडीला हात लावला आणि जागीच गेला."

चंदन सत्तावीस वर्षांचा होता. खाप्याहून रोज इलेक्ट्रिक टॅक्सी घेऊन शहरात यायचा. सात महिन्यांपूर्वी आमच्या नकाशावर त्याला धोंडबांचं घर सापडलं. पहिला महिनाभर त्याने रोज बुकिंग केलं. पुढे बुकिंगची गरज राहिली नाही, तो थेट यायला लागला. दुपारी गाडी लावायची, धोंडबांच्या जुन्या हातमागाच्या खोलीत तासभर पडायचं, त्यांच्या बायकोच्या, सखूबाईंच्या हातचं जेवायचं. आमच्या नोंदीत असे लोक 'सोडून गेलेले' या रकान्यात जातात. मी त्यांना परत आणायचे उपाय शोधत असे.

मी पोचले तेव्हा गाडी अंगणातच होती. ओल्या फरशीवर कोणीतरी चुन्याची रेघ ओढली होती. धोंडबा भिंतीला टेकून बसले होते. मी नाव सांगितलं तसं त्यांनी मान वर केली.

"पोऱ्यानं फोन केलता दुपारी. म्हणे, बाबा, अ‍ॅपवाल्यांचा मेसेज आला, तपासणी हाय, काही दिवस आपलं घर दिसणार नाही. मी म्हटलं, बरं झालं. आता बाहेरचे येणार नाहीत, आपला चंदनच येईन."

साहिल जमिनीकडे पाहत होता. मी फोनवर काय बोलले ते त्याने अर्धवट ऐकलं होतं आणि वडिलांना माझं लिहिलेलं वाक्य वाचून दाखवलं होतं. ते सोपं होतं.

"वारं सुटलं होतं," सखूबाई आतून म्हणाल्या. "तो घरात बसला होता, सुकाच. मीच म्हटलं, चंदन, डिकीतली वांगी आणून दे, भाजी टाकते. तो अनवाणीच गेला." त्या उंबऱ्याशी आल्या. "माह्या सांगण्यानं गेला ना वं तो?"

"नाही, मावशी."

"मंग कायनं?"

मी त्यांना तुकड्याबद्दल सांगितलं, तुटलेल्या तारेबद्दल सांगितलं. फोटोबद्दल सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की त्यांच्यापुरतं कारण वांगीच राहणार आहे. माझं सगळं बरोबर होतं आणि त्याने तिथे काहीच हललं नाही.

तेवढ्यात ऋषीचा फोन आला. मी दाराबाहेर गेले.

"इन्स्पेक्टर येईल. तिला एवढंच सांग, दोन वाजून दहाच्या आधीच आपण ठिकाण काढलेलं होतं. त्याने बुकिंग केलं नव्हतं. ते चार्जिंग आपलं नाहीच. खोटं थोडीच आहे?"

खोटं नव्हतंच. त्यातला प्रत्येक आकडा बरोबर होता.

विद्युत निरीक्षक कामिनी मॅडम साडेदहाला आल्या. त्यांनी हातमोजे घालून डबी उघडली, तुकड्याचे फोटो काढले, मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. मी ऋषीचं वाक्य सांगितलं. मग उरलेलं सांगितलं: चंदनची आणि धोंडबांची गाठ आम्ही घालून दिली, खड्ड्याच्या फोटोची अट मी काढून टाकली, मेसेज माझा आहे. एकतीस घरांची यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वरून खाली वाचली.

"हे एक सोडून बाकीच्या तीस ठिकाणी तुकडा काढला?"

"प्लग बंद केलेत. सगळे हो म्हणाले."

"कोणी पाहिलं?"

मी त्यांच्या हातातल्या यादीकडे पाहिलं. फोन ठेवल्यावर त्या प्रत्येक घरात काय झालं असेल, हे मी काल एकदाही विचारलं नव्हतं. हिरव्या दिव्याच्या जागी आता मी 'हो' मोजले होते.

त्यांनी यादीची घडी घातली. "जवळचं कोणतं?"

जवळचं घर वर्धमाननगरात बाबनरावांचं होतं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दोन लाईनमन खांबावर चढून रात्री लोंबलेल्या तारा, न्यूट्रलचीसुद्धा, ओढत होते. मॅडमची जीप फाटकाशी थांबली. अंगणात पांढरी गाडी उभी होती आणि खिडकीतून आलेली केबल तिच्या तोंडात होती.

"काल तुम्ही हो म्हणालात ना, काका?" मी फाटकातूनच विचारलं.

"हो म्हटलं ना, बेटा. अन् बंदही केला. पण रातभर वारं चाललं, काही झालं नाही, म्हणून आता लावला." ते हसत गाडीकडे गेले. "तुम्ही पोरी लई भेता. हे पाहा, होते का काही?"

"मेन स्विच कुठे आहे?" मॅडम ओरडल्या. मी घरात धावले. एका दाराआड स्वयंपाकघर होतं, दुसऱ्याआड देवघर. मीटर कुठेच दिसेना. बाबनराव बाहेरून हसत सांगत होते, जिन्याखाली बघ, जिन्याखाली, आणि त्यांचा तळहात बॉनेटवर पसरलेला होता.