डाव्या भिंगाचं कडं

मास्तरांच्या उजव्या डोळ्यावर शटल आपटलं, तेव्हा पंचांनी आधी पॉइंट दिला आणि मग डॉक्टरांना हाक मारली. नियमाला धरूनच होतं ते. शटल अंगाला लागलं की पॉइंट मारणाऱ्याचा. तिसरा गेम, वीस-एकोणीस; त्या पॉइंटने सामनाही संपला. हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांची बॅडमिंटन स्पर्धा, त्यामुळे प्रेक्षकांत सात डॉक्टर होते. सहा एकदम धावले. सातवे, नेमके डोळ्यांचे, चहा प्यायला बाहेर गेले होते.

फटका मारणारी बारकी जाळीपाशी खिळल्यासारखी उभी होती. मास्तर गुडघ्यांवर बसले होते, हात डोळ्यावर. "काही नाही, काही नाही," असं म्हणत होते आणि बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं.

"मुद्दाम थोडंच मारलंस तू?" तिचा जोडीदार, एक्स-रेवाला, तिच्या कानाशी म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. पुढच्या तीन आठवड्यांत हे "नाही" तिने निदान तीस जणांना सांगितलं. दर वेळी ते खरं होतं आणि दर वेळी ते सांगून ती घाईने विषय बदलायची.

बारकी आणि मास्तर एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलावर बसायचे. चार वर्षांपूर्वी ती पदवी घेऊन आली तेव्हा रक्ताच्या काचा वाचायला तिला त्यांनीच शिकवलं. "बारकी" हे नावही त्यांनीच ठेवलेलं. टेबलावर मायक्रोस्कोप एकच. आधी मास्तर शंभर पेशी मोजायचे, मग तीच काच ती मोजायची. दोघांनी आपापले आकडे वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे आणि नंतरच ताडून बघायचे. फरक पडला तर चूक तिची निघायची. चार वर्षांत एकदाही उलटं झालं नव्हतं.

मास्तर उठले की ती बसायची, आणि बसल्या बसल्या डाव्या भिंगाचं कडं फिरवायची. माणसाच्या दोन डोळ्यांत जो फरक असतो तो भरून काढायला हे कडं असतं. तिचं शून्यावर. मास्तरांचं उणे तीनच्याही पलीकडे. ते चष्मा काढून काचा बघायचे. टेबलावर ठेवलेल्या त्या चष्म्याची उजवी काच जवळजवळ साधी होती आणि डावी चांगली जाड. कुणी विचारलं तर "वाचायला लागतो" म्हणून विषय उडवायचे. पण रोज तीन-चार वेळा ते कडं शून्यावर आणणाऱ्या मुलीला वेगळं काही सांगायची गरज नव्हती. मास्तरांना लांबचं दिसायचं ते एका डोळ्याने, उजव्या.

खेळताना ते चष्मा लावत नसत, घामाने घसरतो म्हणून. स्पर्धेत जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडल्या, त्यामुळे एका टेबलावरची दोघं अंतिम सामन्यात समोरासमोर आली. पहिला गेम मास्तरांनी आरामात मारला. वर तिला चिडवलं, "बारके, घरून डबा आणलायस ना? लवकर सुटशील आज."

बाजू बदलताना ती एक्स-रेवाल्याला म्हणाली, "त्यांच्या डाव्या खांद्याकडे टाक. उंच आणि जोरात."

"का?"

"टाक तर."

आणि सामना फिरला.

घरी आईने त्या दिवसापासून विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं आणि ती रोज काढत होती. "अगं, खेळात लागतंच. तू काय ठरवून मारलंस का?"

"नाही."

"मग जेव की."

बारकीने हिशेब करून पाहिला होता. अंतर दोन मीटर, शटलचा वेग अमुक, माणसाला हलायला लागणारा वेळ सेकंदाचा पाचवा हिस्सा. आकडे तिच्याच बाजूने बोलत होते: एवढ्या वेळात कुणी नेम धरून डोळा फोडू शकत नाही. तिने कागद फाडला. आकडे त्या एका फटक्याबद्दल बोलत होते. त्याआधीच्या साठ-सत्तर पॉइंटांबद्दल त्यांना काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ती मास्तरांकडे गेली. डोळ्यात आत रक्त साठलं होतं, म्हणून त्यांना आडवं व्हायची बंदी होती. खिडकीचा पडदा ओढलेला, पाठीला तीन उशा, उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. काकूंनी दार उघडलं आणि तिला जवळच घेतलं.

"ये गं. रोज विचारतात, बारकी आली का, बारकीला कुणी काही बोललं का. मला नाही विचारत एवढं."

"तुला काय विचारायचं, तू समोरच असतेस," आतून मास्तर म्हणाले. "एवढा मोठा चेहरा, या वाटीआडूनही दिसतो मला."

"बघ, एका डोळ्यानेसुद्धा खोड्या काढायच्या सोडत नाहीत."

बारकी सांगायलाच आली होती. पण काकू सफरचंद चिरत बसल्या, मास्तर प्रयोगशाळेतल्या फ्रिजची चौकशी करत राहिले, आणि ती एक अख्खं सफरचंद खाऊन परत आली. जिन्यात तिला स्वतःची किळस आली.

मास्तर चौथ्या आठवड्यात कामावर आले. दृष्टी बरीचशी परतली होती, पण उजव्या डोळ्याची बाहुली मोठीच राहिली होती. उजेड सोसत नव्हता. "वाचनाला हरकत नाही, मायक्रोस्कोपचं तुमचं तुम्ही बघा," असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे ठाम असं कुणीच काही म्हटलं नव्हतं.

ते बसले. दिवा मंद केला. डावं कडं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, पुन्हा इकडे. मोजणीचं बटण टकटक वाजायला लागलं, पण मध्येच थांबायचं, आणि ते रुमालाने डोळा टिपायचे. मग ती बसली आणि तिने तीच काच मोजली. दोन चिठ्ठ्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या.

एका जातीच्या पेशी त्यांना अकरा दिसल्या होत्या. तिला एकोणीस.

मास्तरांनी दोन्ही चिठ्ठ्या बराच वेळ पाहिल्या. मग आपली चुरगळली.

"तुझंच बरोबर असणार. लिही."

हे मात्र तिला सोसेना.

"मास्तर, मला तुमचा डावा डोळा माहीत होता."

"म्हणजे?"

"या कड्यावरून. उणे तीन. म्हणून मी दुसऱ्या गेमपासून सगळं तुमच्या डाव्या खांद्याकडे टाकत होते. एक्स-रेवाल्यालाही तेच सांगितलं. का, ते नाही सांगितलं."

मास्तर हसले, पण नेहमीसारखे नाही. "वा! आणि मला वाटलं, वय झालं."

"अजून आहे." तिने टेबलाची कड धरली. "तुम्ही तिकडचं शटल बघायला मान डावीकडे वळवायचात, म्हणजे उजवा डोळा पुढे यायचा. ते मला पाच-सहा पॉइंटांतच दिसलं होतं. तरी मी तिथेच मारत राहिले."

मास्तर तिच्याकडे वळले.

"शेवटचा फटका?"

"खांद्यावर मारला होता. पण तिथे तुमचा चेहरा असणार हे मला माहीत होतं."

"लागेल असं वाटलं होतं?"

"तेवढा वेळच..." ती थांबली. "नाही. लागेल का, हा विचारच केला नाही. करायला साठ-सत्तर पॉइंट होते."

मास्तरांनी भिंग पुसायचा कागद घेतला आणि स्वच्छ असलेलं भिंग पुन्हा पुसलं.

"समोरच्याचं कच्चं हेरायचं आणि तिथे मारायचं, यालाच खेळ म्हणतात," ते म्हणाले. "तू ते कोर्टावर हेरलं असतंस ना, तर मी तुला आज चहा पाजला असता. डोळा गेला असता तरी. पण तू ते इथून नेलंस, बारके. या टेबलावरून."

तिला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"मी दुसऱ्या विभागात बदली मागू का?"

"आणि इथे कोण मोजेल? मी? अकरा?" ते उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "पुढची काच लाव. आजपासून पहिली तू मोज, मग मी. फरक पडला तर तिसऱ्यांदा दोघांनी मिळून."

तिने मोजलं. नंतर त्यांनी मोजलं, खूप वेळ घेऊन. या वेळी फरक दोनाचा होता. त्यांनी चिठ्ठी चुरगळली नाही.

काही दिवसांनी एक्स-रेवाला दोघांनी जिंकलेला चषक घेऊन आला. अर्धं वर्ष तुमच्याकडे, अर्धं आमच्याकडे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तिने तो कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या वह्यांमागे ठेवला.

मास्तर पुन्हा तिला चिडवायला लागले, तिच्या डब्यातलं खायला लागले, काकूंचे निरोप सांगायला लागले. वरवर सगळं जागच्या जागी आलं. फक्त त्यांचं मोजून झालं की उठण्याआधी ते हात पुढे करायचे आणि डावं कडं फिरवून बरोबर शून्यावर आणून ठेवायचे. आता त्यांचा आकडा किती आहे, हे तिला कधीच कळलं नाही.

ती बसायची तेव्हा फिरवण्यासारखं काहीच उरलेलं नसायचं. तरी रोज सवयीने तिचा हात त्या कड्याकडे जायचा.